तुंबाडचं गाव कुठे गेलं?

'तुंबाड' हा भयपट १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थिएटरांत लागला आणि २०१८ साली पहिल्यांदा चालला होता त्याहून जास्त चालला. कोकणात त्याच्या आदल्याच दिवशी गौरी-गणपती पोचवले होते. अर्धे चाकरमानी परतीच्या गाडीत बसले होते, अर्धे अकरा दिवसांच्या गणपतीसाठी थांबले होते. आधी मोबाईलवर पाहिलेला सिनेमा मुंबईला पोचल्यावर मोठ्या पडद्यावर बघायचाच, असं बऱ्याच जणांनी ठरवून टाकलं होतं. रात्रीची आरती झाली, जेवणं झाली, की ओटीवर तोच विषय निघत होता. म्हातारी मरत का नाही? हस्तरच्या लंगोटात नाणी संपत कशी नाहीत? विनायकराव दर वेळी मूठभरच मुद्रा का आणतो, एकदाच सगळा लंगोट का पळवत नाही? पांडुरंगाचं पुढे काय झालं?

सिनेमा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, कारण पुढे शेवटही येणार आहे. गोष्ट थोडक्यात अशी: देवीने पोटात कोंडलेला भुकेला हस्तर तुंबाडच्या पडक्या वाड्यातल्या विहिरीखाली आहे, विनायक त्याला पिठाची बाहुली टाकून त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी पळवतो, आणि पांडुरंग हा विनायकाचा मुलगा.

मला हे वाद मनापासून आवडतात. सिनेमा बघून उठल्यावर माणसं त्यातल्या माणसांविषयी तावातावाने भांडतात, म्हणजे तो सिनेमा त्यांच्या घरात शिरलेला असतो. पण इतकी वर्षं हे वाद ऐकताना एक गोष्ट जाणवत राहिली आहे. आपण सगळे प्रश्न हस्तरला आणि वाड्यालाच विचारतो. तुंबाड नावाच्या गावाला मात्र कुणीच काही विचारत नाही. सिनेमात खरोखर अनुत्तरित राहिलेला प्रश्न त्या गावाचा आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि तो विचारायचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी कोकणातल्या प्रेक्षकाची आहे.

आधी नेहमीच्या प्रश्नांकडे बघू. त्यातल्या बहुतेकांची उत्तरं सिनेमातच आहेत. म्हातारीला हस्तरचा स्पर्श झालेला आहे, म्हणून तिला मरण नाही. तिच्या अंगातून झाड उगवतं तरी प्राण जात नाही, आणि विनायक तिला जाळतो तेव्हाच ती सुटते. राघव सावकाराच्या बाबतीत हेच पुन्हा दाखवलं आहे, शेवटी खुद्द विनायकाच्या बाबतीतही. नियम एकच आहे आणि तो तीनदा दाखवून झाला आहे. एक बाहुली नेली तर एक हस्तर येतो. अनेक नेल्या तर काय होतं हेही शेवटच्या फेरीत कळतं. यावर वाद घालण्यापेक्षा सिनेमा पुन्हा एकदा नीट पाहिलेला बरा.

लंगोटाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, त्यापाशी थोडं थांबायला हवं. "एकदाच सगळं का नाही आणत?" हा प्रश्न प्रेक्षकाला सुचतो आणि दिग्दर्शकाने विचार केला नाही अशी टीका होते. पण सिनेमात हाच प्रश्न पांडुरंग बापाला विचारतो, आणि त्या प्रश्नावरच शेवटची फेरी घडते. विनायकाच्या लोभाला एक शिस्त होती. पिठाचं रिंगण आखायचं, बाहुली टाकायची, हस्तर ती खाईपर्यंत हाताला लागतील तेवढी नाणी उचलायची आणि दोर धरून वर यायचं. त्या शिस्तीमुळे तो चौदा वर्षं जगला. त्याच्या मुलाने बापाची शिस्त शिकण्याआधी बापाची हाव शिकून घेतली. म्हणजे लंगोट का पळवला नाही असं विचारणारा प्रेक्षक नकळत पांडुरंगाच्या जागी उभा राहिलेला असतो, आणि सिनेमाला त्याला तिथेच आणायचं असतं. राही अनिल बर्वे यांच्या लेखन-दिग्दर्शनातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

काही प्रश्नांची उत्तरं सिनेमा मुद्दाम देत नाही. विहिरीखालचं ते गर्भाशय पहिल्यांदा कुणाला सापडलं? देवीने हस्तरला पोटात कोंडलं, तर त्याच्यापर्यंत जायची वाट उघडी कशी राहिली? ही उत्तरं कधी मिळूच नयेत असं मला वाटतं. आमच्याकडे देवराईच्या राखणदाराची गोष्ट अशीच अर्धी सांगतात. तो कुठून आला, किती उंच आहे, कुणाला दिसला, हे कुणी खोदून विचारत नाही. राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, एवढा नियम मात्र लहान पोरालाही पाठ असतो. गोष्ट अर्धी राहिली म्हणून तर नियम पुरा टिकला. हस्तरचंही तसंच आहे. त्याचा जन्मदाखला हातात आला की त्याची भीती गेलीच म्हणून समजा. दुसऱ्या भागाची घोषणा झाली तेव्हा "आता सगळी उत्तरं मिळणार" म्हणून आनंद झालेले कितीतरी लोक भेटले. मला काळजी वाटली. प्रेक्षकाचं कुतूहल भागवायला पुढचा भाग काढायचा, तर आधी पहिल्याची ताकद खर्ची घालावी लागते.

आता जो प्रश्न कुणी विचारत नाही त्याकडे येतो. तो माझ्यासमोर मांडला आमच्या शेजारच्या काकूंनी, आणि त्यांनी तर सिनेमा भाचीच्या मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. आम्ही हस्तरवर वाद घालत होतो, त्या पडवीत निवडायला घेतलेले तांदूळ पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "काय रे, बारा महिने पाऊस लागतो म्हणता त्या गावात, मग भात कापतात कधी? आणि भात घरात येत नाही तर ती माणसं खातात काय?"

कोणाजवळ उत्तर नव्हतं. काकूंनी सूप झटकलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

हा प्रश्न शेती केलेल्या बाईचा आहे. सिनेमात देवांच्या कोपाने तुंबाडवर अखंड पाऊस पडतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला त्या पावसाने गूढ वाटतं, पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने तो टिपलाही आहे विलक्षण. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जून ते सप्टेंबर पडून थांबतो म्हणूनच इथे माणूस जगतो. पावसाआधी दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजावी लागते, ती कोरड्यातच भाजते. लावणीला पाणी लागतं, पण दाणा भरायला आणि पिकायला ऊन लागतं. कापणीला तर आभाळ मोकळं हवंच. परतीचा पाऊस दसऱ्याच्या पुढे रेंगाळला तर आडवं झालेलं भात शेतातच कोंब धरतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलं आहे. झोडणी नाही, उडवी नाही, म्हणजे माणसाला तांदूळ नाही आणि गुरांना पेंढा नाही. किनाऱ्याला सुकी मासळी नाही, आंब्याला मोहोर नाही. अखंड पाऊस म्हणजे कोकणातल्या गावाला अखंड दुष्काळ. गंमत अशी की आमच्या गावांना दुसऱ्या टोकाचा दुष्काळही ठाऊक आहे. एवढा पाऊस जांभ्याच्या दगडातून निथळून समुद्राला जातो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांवर टँकर येतो.

आता काकूंचा प्रश्न हस्तरच्या गोष्टीशेजारी ठेवून बघा. हस्तरला सोनं मिळालं, पण धान्याकडे हात नेला तेव्हा देव त्याच्यावर तुटून पडले. त्याचा शाप भुकेचा आहे. त्याला पिठाच्या बाहुलीची हाव सुटते ती म्हणूनच. तुंबाडच्या माणसांवरही धान्याचाच शाप आहे, कारण पाऊस त्यांना पिकू देत नाही. हस्तरच्या भुकेवर अख्खा सिनेमा उभा आहे, गावाच्या भुकेवर एक वाक्य नाही. देऊळ बांधल्याची शिक्षा साऱ्या गावाने भोगायची आणि सोनं मात्र वाड्यातून बाहेर पडून एकाच माणसाच्या थैलीत जायचं. शाप गावाला आणि सोनं वाड्याला, ही विभागणी कुणी केली? गावाने ती कशी सोसली?

यावर एक आक्षेप येतो आणि तो वाजवी आहे. ही एका घराण्याच्या लोभाची बोधकथा आहे, तिच्याकडे समाजशास्त्र कशाला मागायचं? बापलेकाच्या गोष्टीत साऱ्या गावाची गर्दी आणली असती तर सिनेमाचा घट्टपणा गेला असता. घट्टपणाचं मला मान्य आहे. पण ज्या कथेला इतिहासाशी देणंघेणं नसतं ती कथा सालं सांगत नाही आणि गावाचं नाव लावत नाही. 'तुंबाड' तीन प्रकरणांवर तीन सालं ठळक लिहितो, १९१८, १९३३ आणि १९४७. माणसांची गरज भागवायला जग पुरेसं आहे, हाव भागवायला नाही, या अर्थाच्या गांधीजींच्या नावे असलेल्या वचनाने तो सुरू होतो. आणि स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारजमा होणार या बातमीने शेवटाकडे वळतो. इतकं झाल्यावर इतिहासाची चौकशी करणं म्हणजे सिनेमानेच दिलेलं आमंत्रण स्वीकारणं आहे. त्यातून नाव आलं आहे श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून. कथा त्या कादंबरीची नाही हे खरं. पण जगबुडी नदीच्या काठचं, खेड तालुक्यातलं हे नाव मराठी वाचकाला गावासकट आणि खोतासकट माहीत आहे. सिनेमाने नाव घेतलं, वाडा घेतला, आणि गाव मागे ठेवलं.

मग ती तीन सालं गावाच्या बाजूने बघू.

१९१८. पडद्यावर पाऊस कोसळत असतो. प्रत्यक्षात त्या वर्षीचा पावसाळा हिंदुस्थानच्या नोंदींतल्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांपैकी एक होता. मुंबई इलाख्यात धान्य महागलं, टंचाई पडली, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. सिनेमात विनायकाची आई वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारची सेवा करते ती एका सोन्याच्या मुद्रेच्या आशेवर. दोन पोरं, पडकं घर, आणि भुकेली म्हातारी. त्या काळातल्या उपासमारीची सावली एवढ्या एका बाईवर पडलेली दिसते, आणि सिनेमाचा तो भाग मला सर्वांत खरा वाटतो. तिच्या मागे गाव उभं केलं असतं तर ती वाड्यावरच का राबते, दुसऱ्या कुणाच्या दारी का जात नाही, हे आपोआप कळलं असतं. दारं सगळी वाड्याचीच होती.

खोती कशी चालायची हे आता नव्या पिढीला सांगावं लागतं. खोत गावाचा सारा गोळा करून वर भरायचा आणि ते काम बापाकडून मुलाकडे जायचं. भातजमिनीवर कुळाने पिकवलेल्याचा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर तिसरा वाटा खोताकडे जायचा. शिवाय वेठ होती. खोताची नांगरणी आधी, आपली नंतर. घर शाकारायचं, डोली उचलायची, लग्नकार्यात राबायचं. सगळेच खोत सारखे नव्हते. गावासाठी झिजलेलेही होते, आणि त्यांच्या आठवणी गावं आजही काढतात. पण पद्धत अशी होती की कुळाच्या घरात दसऱ्याला आलेलं भात शिमग्यापर्यंत पुरत नसे. रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जाऊन उभे राहिले त्याचं एक मोठं कारण हेच होतं.

दुसरं साल १९३३. सिनेमात विनायक पंधरा वर्षांनी वाड्यावर परततो आणि त्याला खजिना सापडतो. त्याच साली ऑक्टोबरमध्ये याच किनारपट्टीवर, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात, कुळांनी जमीन कसायचंच बंद केलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो संप आसपासच्या गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. माणसांनी लाकूडफाटा विकून, मजुरी करून दिवस काढले, पण मालकाच्या अटींवर नांगर धरला नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले. एका बाजूला धान्याची बाहुली दाखवून सोनं काढणारा विनायक, दुसऱ्या बाजूला धान्य पिकवायचंच नाकारून हक्क मागणारी कुळं. दोघंही एकाच वर्षी, एकाच किनाऱ्यावर. तुंबाडच्या कुळांच्या कानावर चरीची बातमी आली असेल का? तुंबाडमध्ये कुणी वाड्याकडे बघून "आता बास" म्हटलं असेल का? सिनेमावर वाद घालायचाच तर माझ्या मते या प्रश्नावर रात्र जागवावी.

विनायकाच्या येण्याजाण्याचंही असंच आहे. कोकणातल्या गावात परका माणूस पाय ठेवतो तेव्हा पाणंदीत भेटणारा पहिला माणूस विचारतो, "कुणाकडचे तुम्ही?" उत्तर मिळेपर्यंत तो पुढे सोडत नाही, आणि संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की कोण आलं, कुठे उतरलं, हातात काय होतं. विनायक वर्षानुवर्षं थैली घेऊन पडक्या वाड्यात येतो, रात्र काढतो आणि परत जातो, तरी त्याला कुणी हटकत नाही. एक तर गावात कुणी उरलेलं नाही, किंवा जे उरलेत ते घाबरून गप्प आहेत, किंवा त्यांना सगळं माहीत आहे. यातली प्रत्येक शक्यता हस्तरइतकीच भयंकर आहे. तिसरी तर जास्तच.

आणि तो नेतो ते सोनं कुठे जातं? पुण्याला. राघवकडे मोडतं, घरात, चैनीत, बाईत उडतं. आपण पाहतो त्या गोष्टीत एक मुद्राही तुंबाडात खर्च होत नाही. वाड्याची कौलंसुद्धा तो बदलत नाही. मला सिनेमातलं हे सर्वांत नेमकं निरीक्षण वाटतं, आणि त्यावर मी कुणाला वाद घालताना ऐकलेलं नाही. कोकणातून काढलेलं धन कोकणात थांबत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. आज जमिनींचे दलाल सातबारा हातात घेऊन फिरतात, एकेका गटाला वीस-पंचवीस सहहिस्सेदार शोधतात, पॉवर ऑफ अॅटर्नी करून घेतात, आणि डोंगरच्या डोंगर विकले जातात. विकणारा गावात नसतो आणि घेणाराही नसतो. 'तुंबाड' मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो या माणसांमुळे, राक्षसामुळे तितका नाही. पण तो असा बघायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. भयपट म्हटलं की आपण भुताचे नियम मोजत बसतो.

तिसरं साल, १९४७. वाडा सरकार ताब्यात घेणार म्हणून विनायक घाबरतो आणि शेवटची, घातक फेरी ठरते. बाप राक्षस होऊन वर येतो, लंगोट मुलापुढे धरतो, आणि मुलगा तो नाकारून बापाला जाळतो. सगळी चर्चा या नकारावर होते, ती व्हायलाच हवी. मुलगा बापाची हाव नाकारतो तो क्षण मोठाच आहे. पण पांडुरंगाने नाकारलं म्हणून वाड्याचं पाप फिटलं, असं प्रेक्षकाने धरून चालणं मला पटत नाही. ते सोनं नाकारायचा अधिकार त्याला होता, तसा ते मागायचा अधिकार कुणाचा होता? ज्यांच्यावर पाऊस पडत राहिला त्यांचा. त्यांना कुणी विचारलंच नाही, पडद्यावर नाही आणि ओटीवरच्या वादातही नाही.

पुढचा भाग लिहिणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हस्तरची वंशावळ देऊ नका. म्हातारीचं तरुणपण दाखवू नका, गर्भाशयाचा नकाशा काढू नका. आमच्या तुंबाडात पाऊस थांबल्यावर पहिली दाढ कुणी भाजली ते दाखवा. मुंबई इलाख्यात खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. पांडुरंग तेव्हा ऐन पंचविशीच्या आतबाहेर असणार. वाड्याभोवतालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्या वर्षी कुणाचं नाव लागलं? पिढ्यान्‌पिढ्या भिजत राबलेल्या कुळांपैकी एखाद्याचं, की पुण्याहून परत आलेल्या कुणा नातेवाइकाचं? आणि तलाठ्यासमोर उभं राहून "ही जमीन आम्ही कसतो" म्हणायला त्या गावात कुणी शिल्लक तरी होतं का?